अंगणातली कारंजा–शिरपूर

आमच्या भाऊजींना समोर वाढलेलं ताट जेवायलासुद्धा डबल बेल लागायची. थट्टा नाही करत. ताई ताट समोर ठेवायची, चमच्यानं लोट्यावर दोनदा टकटक करायची, तेव्हा कुठे त्यांचा हात भाकरीला लागायचा. आणि 'पुरे' हा शब्द तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नाही. ताटाच्या काठावर बोटानं एकदा टक् केलं की ताईचा वाढता हात जागच्या जागी थांबायचा. एकोणीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवलेला माणूस तो. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. एवढ्यावर त्यांचा सगळा संसार चालला होता.

सगळं कारंजा त्यांना 'डायवरसाहेब' म्हणायचं, म्हणून मी त्यांना डायवरभाऊजी म्हणायला लागले. माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, कुठल्याही कामाला अकोल्यालाच जावं लागे. मी डी.एड. होऊन शाळेच्या ऑर्डरची वाट पाहत ताईकडे येऊन राहिले होते. ऑर्डर काही येत नव्हती, आणि माझी जीभ काही गप्प बसत नव्हती. भाऊजी म्हणायचे, "मास्तरीनबाई, तुह्या तोंडाले एक ब्रेक बसवून घे, डेपोत फुकट बसवून देतो."

त्यांची गाडी कारंजा–शिरपूर. शेलूबाजार, किन्हीराजा, मालेगाव आणि मग शिरपूर. या रस्त्यावर कोण कुठं उभं राहतं, कोण कुठं उतरतं, सगळं त्यांना तोंडपाठ. किन्हीराजाच्या अलीकडे मैलाच्या दगडापाशी एक म्हातारी रोज उभी राहायची, मालेगावला भाजी विकायला जायची. तिथं थांबा नव्हता, पण भाऊजी थांबायचेच. "तिचं लुगडं अगदी रस्त्याच्या मातीच्या रंगाचं," ते कौतुकानं सांगायचे, "दुसऱ्या डायवरले थे दिसतच नाई. मले मातर लांबूनच दिसते." दुसरी फुशारकी घंटीची. "एकोणीस वर्सांत सिंगल बेल वाजली अन् माही गाडी पुढे गेली, असं एक डाव बी नाई झालं. डोंगर कोसळो, म्या थांबतो." हे दोन किस्से मी इतक्यांदा ऐकले होते की ते सुरू झाले की मी उठून पाणी प्यायला जायची.

आता त्यांचं पोट. गरम भजी दिसली की या माणसाचं भान सुटायचं. बसून काम, वर भजी, मग व्हायचं ते झालंच. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं. वळणावर तुम्ही हातानं वळवता की पोटानं, असं मी विचारायची आणि ताई मला डोळे दाखवायची. पण त्या वर्षी अकोल्याच्या वैद्यकीय तपासणीत ते वजनकाट्यावरच अडकले. दोन जिने चढायला लावले तर धाप लागून भिंतीला टेकले. डॉक्टरांनी पुढचं काही तपासलंच नाही. म्हणाले, तीन महिन्यांनी या. वजन उतरलं आणि दम टिकला तर बाकीचं पाहू. नाहीतर गाडी विसरा. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, डेपोत बसून राहायचं.

घरी आले आणि ओट्यावर बसले. ताईनं ताट वाढलं, लोट्यावर दोनदा वाजवलं. ते जेवले नाहीत. मी त्यांना डबल बेल नाकारताना पहिल्यांदा पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मालेगाव रस्त्यावर पळायला गेले आणि अर्ध्या तासात बैलगाडीत बसून परत आले. झालं होतं असं, की डायवरसाहेब रस्त्यानं पळताना दिसले म्हटल्यावर जो तो विचारायला लागला, "साहेब, गाडी चुकली का?" एकानं तर सायकल आडवी घालून, "बसा मांगं, स्टँडवर सोडतो," म्हणून गळच घातली. शेवटी एका गाडीवानानं ऐकूनच घेतलं नाही. धरून बसवलं आणि दारात आणून सोडलं. "डायवरचीच गाडी चुकली म्हंते सारं गाव!" भाऊजी संतापानं लालबुंद झाले होते. "म्या आता रस्त्यावर पाऊल टाकत नाई. न्या मले डेपोत, गाड्या धुवाले लावा!" मला इतकं हसू येत होतं आणि इतकं वाईट वाटत होतं, की मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

तेव्हा मला सुचलं, की रस्त्यावर नको ना, मग रस्ताच अंगणात आणू. आमच्या अंगणाच्या मध्यभागी विहीर होती आणि तिच्याभोवती चांगली फिरायला जागा. मी चार पाट्या घेतल्या, खडूनं मोठ्या अक्षरांत गावांची नावं लिहिली आणि चार जागी टांगल्या. न्हाणीच्या भिंतीला शेलूबाजार, सीताफळाच्या झाडाला किन्हीराजा, ओट्याच्या पायऱ्यांशी मालेगाव, आणि शेजारच्या शेठजींच्या ओट्याच्या कठड्याला शिरपूर. विहिरीभोवती पंधरा फेऱ्या झाल्या की शेलूबाजार आलं. पुढं बारा फेऱ्या की किन्हीराजा. मालेगावच्या आधी चढ, म्हणून ओट्याच्या पायऱ्या वीस वेळा चढायच्या-उतरायच्या. लोटा-चमचा माझ्या हातात. मी कंडक्टर.

मला वाटलं होतं, ते मला हाकलून देतील. भाऊजींनी पाट्या पाहिल्या, विहिरीला एक चक्कर मारली आणि खाकी शर्ट-पँट चढवून, बिल्ला लावून बाहेर आले. विहिरीशी उभे राहिले. उभेच राहिले.

"निघा ना," मी म्हटलं.

"बेल कोन देनार? तुहा बाप?"

मी लोट्यावर दोनदा वाजवलं आणि गाडी सुटली. तोंडानं गिअर टाकत, वळणावर हॉर्न देत सुटली. पहिल्या दिवशी गाडी शेलूबाजारलाच बंद पडली. ताईनं रेडिएटरमध्ये पाणी घालतात तसं त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. तपासणीपासून आम्हा तिघांचं ते पहिलं हसू.

उठाबशांचं मात्र मोठं अवघड झालं. आकडा लावून उठाबशा काढणं त्यांना शाळेतल्या शिक्षेसारखं वाटायचं. मग त्यांनीच तोड काढली. थांब्यावर गाडी उभी राहिली की जितके पॅसेंजर चढतील तितक्या उठाबशा. आणि पॅसेंजर म्हणजे नुसता आकडा नाही बरं. "हे शेलूबाजारचे गुरुजी. चढा गुरुजी. हे त्यायची छत्री. हे कुंभाराची सून, माहेरी चालली." एकेक उठबस एकेका माणसाच्या नावानं. किन्हीराजाला म्हातारीसाठी तर एक जास्तीची, "तिची भाजीची टोपली वर घ्या लागते." मी म्हणायची, टोपलीला कशाला उठबस? "काहून? टोपलीले वजन नसते का?" 

आमचे शेजारी शेठजी जैन. कापडाचं दुकान. हसून बोलणारे, पण नेमधर्माचे एकदम पक्के. सूर्य मावळला की पाणीसुद्धा घेणार नाहीत. दुकानातून जेवायला घरी आले की त्यांना संध्याकाळची ही धावपळ दिसायची. एक दिवस ते कठड्यापाशी येऊन म्हणाले, "डायवरसाहेब, आजपासून माझा एक नियम. तुमची गाडी शिरपूरला लागल्याशिवाय मी संध्याकाळी ताटावर बसणार नाही."

भाऊजींच्या तोंडचं पाणीच पळालं. "शेठजी, असा कायचा नेम? मले येळ झाला तं?"

"तर मी उपाशी झोपेन. तुम्ही मला आजवर शिरपूरच्या मंदिरात दर्शनाला कधी उशिरा पोचवलं नाही. आताही नाही पोचवणार."

तिथून त्या खेळाचा खेळ राहिला नाही. रोज संध्याकाळी इकडे सूर्य खाली चाललेला, तिकडे शेठजी ओट्यावर हात धुऊन बसलेले, आणि मध्ये भाऊजी घामाघूम, चिंचेच्या झाडामागं ऊन किती उरलं ते पाहत पळतायत. पाचव्या-सहाव्या दिवशी मालेगावच्या चढावर त्यांच्या पायात गोळा आला. बसले. उठले. पुन्हा बसले. शिरपूरच्या पाटीला हात लागला तेव्हा ऊन गेलेलं होतं. शेठजींनी हात जोडले आणि आत गेले, जेवले नाहीत. भाऊजींना त्या दिवशी रडताना मी पाहिलं. एका भल्या माणसाला आपल्या ढेरीपायी उपाशी राहावं लागलं, हे त्यांना सहन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून भजी बंद. स्वतःहून. आणि गाडी पुन्हा कधी उशिरा आली नाही.

दोन महिन्यांत खाकी पँट कमरेला सैल पडायला लागली, ताईनं दोनदा टाचली. दम असा वाढला की पळता पळता ते काहीतरी पुटपुटायलाही लागले. मला वाटलं, नवकार मंत्र शिकवला की काय शेठजींनी! कान देऊन ऐकलं तर नुसतीच अक्षरं. "प, र, ग, ट... ल, म, ठ, च..." विचारलं तर म्हणाले, "इंजन गुनगुनते तसं गुनगुनून राह्यलो." मी हसण्यावारी नेलं. तसंच, रोजचं वर्तमानपत्र हल्ली माझ्याकडून वाचून घ्यायचे, "तुहा आवाज खनखनीत आहे, तू वाच." तेही मी कौतुक म्हणूनच घेतलं. किती मूर्ख असावं माणसानं!

तपासणीला आठवडा राहिला असेल. ताईनं अंगण सारवलं आणि पाट्या परत टांगताना उलटसुलट केल्या. न्हाणीच्या भिंतीला मालेगाव, पायऱ्यांशी शेलूबाजार. पंधरावी फेरी घेत भाऊजी विहिरीच्या पलीकडूनच ओरडले, "शेलूबाजार! उतरा, उतरा!" समोर हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत 'मालेगाव' लिहिलेलं. मी आधी हसले. मग हसू गेलं. या माणसानं पाट्या कधी वाचल्याच नव्हत्या. रस्ता पाठ होता, तसं अंगणही पाठ झालं होतं.

खात्री करायची म्हणून मी दुसऱ्या दिवशी किन्हीराजाची पाटी पुसली आणि तिच्यावर लिहिलं, 'भाऊजी, आज भजी.' दोन महिने भज्यांना न शिवलेला माणूस. ते वाचलं असतं तर गाडी रस्ता सोडून स्वयंपाकघरात घुसली असती. बारा वेळा त्या पाटीसमोरून गेले. बारा वेळा नजर तिच्यावरून गेली. एकदाही ओठ हलला नाही.

मी ताईला न्हाणीत ओढलं. भाऊजींना अक्षर दिसत नाही, म्हणून सांगितलं. ती रडलीही नाही, चकितही झाली नाही. तिला माहीत होतं.

"गप राय," ती म्हणाली. "थे अक्षरं पाठ करून राह्यले. डोये तपासाचा तक्ता अकोल्याले एकच आहे, दुसऱ्या डायवरनं लिहून आनला, म्याच वाचून देल्ला. वजन उतरलं, दम आला. एवढंच उरलं. तू तोंड उघडलं ना, तं त्यायचा जीव जाईन."

"अन् गाडीत पन्नास लोक बसतात, त्यायचं काय?"

"ह्यायले रस्ता पाठ आहे!" ताई ओरडली, आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मी ताईची शपथ घेतली, बोलणार नाही म्हणून. सख्खी बहीण, तिच्या नवऱ्याची नोकरी. आठवडाभर लोट्यावर माझा चमचा धड आपटेना. भाऊजी रोज विचारायचे, "कंडक्टर, बेल ढिली काहून वाजून राह्यली?"

अकोल्याच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आम्ही दोघी दारातच उभ्या. वजन काट्यात बसलं. छाती, नाडी, सगळं ठीक. डॉक्टरांनी एक लाकडी पायरी पुढं केली आणि म्हणाले, "हं, चढा-उतरा, करा सुरू." भाऊजी उभे. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "करा की." भाऊजी उभेच, कपाळावर घाम. मला कळलं. मी दाराची कडी उचलून दोनदा आपटली, टक टक. आणि गडी जो सुटला, तो "चढा गुरुजी, चढा" करत डॉक्टरांनी थांबा म्हणेपर्यंत थांबला नाही. "हे काय चाललंय?" डॉक्टर हसून म्हणाले. "दम मात्र पोराचा आहे तुमचा!" ताईनं माझा हात गच्च धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग त्यांना खुर्चीवर बसवलं. समोरच्या भिंतीवर तक्ता. डॉक्टर म्हणाले, "वरून वाचत या."

"प," भाऊजी म्हणाले. "र, ग, ट." खणखणीत आवाज. दुसरी ओळ. तिसरी ओळ. एकही चूक नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहायला पेन उचललं. ताई देवाचं नाव घेत होती. माझा हात अजून कडीवरच होता. मला शेठजी दिसत होते, हात धुऊन ओट्यावर बसलेले. मला कुंभाराची सून दिसत होती. रस्त्याच्या रंगाचं लुगडं नेसलेली ती म्हातारी, जिला मी कधी पाहिलं नव्हतं, तीही दिसत होती. शपथ बोलण्याची घेतली होती. मी बोलले नाही. कडी उचलली आणि एकदाच आपटली.

टक्.

भाऊजी थांबले. शेवटच्या ओळीतल्या "ल, म..." वर थांबले.

"वाचा पुढे," डॉक्टर म्हणाले.

 भाऊजींनी मान वळवली नाही. ते वाट पाहत होते, आणखी दोन घंट्यांची. त्या दिल्या असत्या तर त्यांनी तक्ता शेवटपर्यंत म्हटला असता, हे मला माहीत होतं आणि ताईलाही. ताई माझ्याकडं अशी पाहत होती, की तशी ती पुन्हा कधी पाहू नये. मी कडी सोडून दिली.

"साहेब," भाऊजी म्हणाले, "खालचं मले दिसून नाई राह्यलं. वरचं बी दिसत नाई. पाठ केलं होतं."

त्यांची गाडी गेली. डोळ्यातला दोष आतला होता, चष्म्यानं जाणारा नव्हता. डेपोनं त्यांना स्टँडवर गाड्या पुकारायला बसवलं. त्यांचं वाचनावाचून काही अडत नव्हतं, सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या. पण माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. वर्तमानपत्र शेठजींकडून वाचून घ्यायला लागले. ताई मला कधीच घालूनपाडून बोलली नाही. ती नुसतं माझं ताट वाढायची. मी पाच महिने त्या घरात कसे काढले, माझं मला ठाऊक. खेळ मात्र बंद झाला नव्हता. शेठजींनी नियम मोडायचं साफ नाकारलं, त्यामुळे संध्याकाळी भाऊजी विहिरीभोवती पळायचेच. फक्त लोटा आता ताई वाजवायची.

मग माझी ऑर्डर आली. गाव कोणतं, तर शिरपूर.

जायच्या दिवशी मी ट्रंक घेऊन त्यांच्याच जुन्या गाडीत बसले, नवा ड्रायव्हर होता. खिडकीतून पाहते तर भाऊजी गाड्या पुकारायचं सोडून फलाटावरून येत होते. माझ्या खिडकीशी आले. मी रडायलाच लागले. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला.

"किन्हीराजाची म्हातारी," ते म्हणाले. "म्या तिले कधी पाह्यतच नव्हतो व. गेल्या दोन वर्सांपासून नाई. थे तिथीच उभी राह्यते, हे मले पाठ होतं." मग म्हणाले, "एखाद्या दिवशी थे चार पावलं पुढे येऊन उभी राह्यली असती तं?"



"बेल येळेवर देल्ली तू," ते म्हणाले. "कंडक्टर चांगली होती माही." आणि पुसटसं हसून त्यांनी तळहातानं पत्र्यावर दोनदा मारलं. ड्रायव्हरनं गाडी काढली.

भाऊजी गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत सडपातळ होते, आणि शेठजी शेवटपर्यंत गाडी लागल्यावरच जेवले. मला मात्र त्यांची आठवण निघाली की आधी तो शिरपूरचा प्रवासच आठवतो. किन्हीराजाच्या अलीकडे गाडीनं एकदम ब्रेक दाबला, आम्ही सगळे पुढं कलंडलो. मैलाच्या दगडाच्या बऱ्याच अलीकडे, चाकाच्या अगदी लगत ती उभी होती. मातीच्या रंगाचं लुगडं, डोक्यावर टोपली. गाडी थांबेपर्यंत मलाही दिसली नव्हती, आणि माझे डोळे चांगले होते.

ती वर चढली, माझ्या शेजारी टेकली, टोपली पायाशी घेतली. ड्रायव्हरकडं पाहून मला म्हणाली, "थे जुने डायवर कुठी गेले व बाई?"

"आहेत ना, आजी," मी म्हटलं. "रोज शिरपूरले येतात, दिवस मावळायच्या आत."

"मंग मले घेतल्याबिगर कसे जातात?"

"नाही जात," मी म्हटलं. "तुमी असता त्यांच्या गाडीत. अन् तुमची टोपली बी."

म्हातारीनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, मला खुळी ठरवलं आणि तोंड फिरवून बसली. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली.